नमुना जसा आला तसा

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या बोटांची टोकं काळीकुट्ट होती. हळद लागली, तळहात पिवळेधमक झाले, बोटं मात्र तशीच. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या आईनं, रुख्माबाईनं, मला बाजूला ओढलं आणि विचारलं, “फकिरा, पाह्य बरं जरा. रोगबिग त नाई ना?”

मी नवरदेवापुढे जाऊन बसलो आणि सरळ विचारलं. साळ्याला तेवढा हक्क असतोच. नवरदेव शांतपणे म्हणाले, “चांदीचं मीठ हाये. कातडीले लागलं का काळं पडते. कातडी निंगाली का जाईन.”

मी आईला सांगितलं, चांदी लागली आहे. जावयाच्या हाताला चांदी लागते, एवढंच तिनं ऐकलं आणि तिची काळजी तिथंच मिटली. उलट दुसऱ्या दिवसापासून ती हे सगळ्या मोहल्ल्याला सांगत सुटली.

तर हे आमचे भाऊजी, चैतराम रामटेके. बालाघाटात मँगनीजच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. नागपूरला राहून बी.एस्सी. झालेले, आणि ते झाले म्हणून आमच्याकडच्या पन्नास घरांनी त्यांच्या शिक्षणाचं श्रेय घेऊन टाकलं होतं. त्यांचं काम सांगायला सोपं. खाणीतून दगड यायचा, तो कुटून त्याची पूड व्हायची, ती तेजाबात विरघळवायची आणि त्यात मँगनीज किती ते काढायचं. अवघड गोष्ट अशी की त्या दगडात आणखी काय काय दडून बसलंय ते कुणालाच ठाऊक नसायचं. लोखंड असेल, चुना असेल, आणखी काही असेल, आणि त्यातलं कोण मध्येच येऊन फसवेल याचा नेम नसायचा. भाऊजी म्हणायचे, “पैले हे इचाराचं का यात मले कोन फसवू शकते. मंग मोजाचं.” असली वाक्यं ते जेवताना टाकायचे, आणि अंजनाताई वाढता वाढता थांबून त्यांच्याकडे बघत राहायची.

सवय अंगात मुरली की माणूस घरचा राहत नाही. दुधातलं पाणी पकडतील म्हणून दूधवाला त्यांचं घर चुकवून पुढे जायचा. माझ्यासाठी मुलगी बघायला वारासिवनीला गेलो, तिथं चहा आला. भाऊजींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्या कानात म्हणाले, “साखर लय हाये. कायतरी झाकून राह्यले.” त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मुलीचा बाप घाबरला, बोलणी फिसकटली. पुढे कळलं की झाकण्यासारखं त्या घरात काहीही नव्हतं, पाहुणा म्हणून बिचाऱ्यांनी जास्त साखर घातली होती. तो नमुना चुकला हे भाऊजींनी आजतागायत कबूल केलेलं नाही. मीही ते विसरलेलो नाही. आता सेवानिवृत्त होऊन आमच्या ओसरीवर येऊन बसतात, तरी माझी बायको चहा देते तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत असतो.

पण ही गोष्ट चहाची नाही, पाण्याची आहे. बासष्ट-त्रेसष्टचं साल असेल. मी तेव्हा बालाघाटला बसच्या बुकिंगवर होतो आणि ताईकडेच राहत होतो.

आमचं गाव चिचटोला. कटंगीहून तुमसरच्या वाटेला लागलं की आत वळायचं. गावात दोन विहिरी. एक वरच्या आळीत, गावचे पटेल तेजराम यांच्या घरासमोर. तिचं पाणी गोड, गार, कितीही प्या, पोट जड होत नाही. दुसरी आमच्या बौद्ध मोहल्ल्यात. दिसायला पाणी तेवढंच नितळ, पण तोंडात घेतलं की जीभ आखडायची. तुरीची डाळ दुपारभर उकळली तरी दाणा दाण्याला ओळख देत नसे. साबण चोळून चोळून झिजायचा, फेस काही येत नसे, आणि बायकांचे केस धुतल्यावर झाडूसारखे उभे राहायचे. आई पिण्यापुरतं पाणी नाल्याच्या रेतीत खड्डा खणून, वाटीवाटीनं भरून आणायची. तिचे गुडघे त्या नाल्यानंच खाल्ले.

वरच्या विहिरीवर आम्हाला मनाई होती. कागदावर नव्हती, कागदावर तर कायदा आमच्याच बाजूचा होता. पण विहिरीवर कायदा बसलेला नसतो, रहाट बसलेला असतो, आणि रहाटापाशी पटेलांची माणसं असतात.

त्या वर्षी ब्लॉकमधून चिचटोल्याला एक नवी विहीर मंजूर झाली. एकच. आमच्या मोहल्ल्यानं अर्ज केला. त्याच दिवशी तेजराम पटेलांनीही वरच्या आळीसाठी अर्ज केला, त्यांना ती आपल्या आमराईच्या कडेला हवी होती. पटेल माणूस गोडबोल्या. शिवी द्यायची तरी आधी तब्येत विचारायचा. त्यानं विकास अधिकाऱ्यापुढे हात जोडून सांगितलं, “साहेब, गाव एक, जमीन एक, मंग पाणी काहून दोन तऱ्हेचं अशीन? इनकी आदत है शिकायत की.”

विकास अधिकारी सागर जिल्ह्याकडचे, नवे, तरुण आणि सरळ होते. त्यांना एकच व्यसन होतं, हुकूम काढायचं. जीपमध्ये टाइपरायटर आणि लाल रंगाचा डबा कायम असायचा. ते म्हणाले, “दोनों कुओं का पानी जाँच करा लेते हैं. जिसका खराब, उसको नया कुआँ.”

आता जाँच कुठे करायची? नागपूर राजधानी होती तेव्हा काम आठवड्यात व्हायचं, भोपाळ झाल्यापासून बाटली पाठवली की उत्तरासोबत पुढचा पावसाळा यायचा. साहेबांनी खाणीच्या लॅबचं नाव काढलं, तिथं बॉयलरचं पाणी तपासतातच. कुणीतरी म्हणालं, तिथला केमिस्ट तर याच मोहल्ल्याचा जावई. तेव्हा पटेल जे बोलला ते ऐकून आमची माणसं हुरळून गेली. “अजी, चांगलंच हाये की,” तो म्हणाला. “जावईबापूच तपासतीन त कोनाले शंका राह्यनार नाई.”

कोल्हा द्राक्षं वाटायला निघाला की समजावं, बाग त्याच्या नावावर झाली आहे. पण हे सुचतं मागाहून.

गावचा कोतवाल महागू दोन बाटल्या घेऊन बसनं बालाघाटला आला. लाखेनं बंद केलेल्या, गळ्यात चिठ्ठ्या बांधलेल्या. एकीवर ‘मोहल्ल्याची विहीर’, दुसरीवर ‘वरची विहीर’. मीच त्याला बसस्टँडवरून लॅबमध्ये नेलं. वाटेत त्याला विचारलं, पाणी कधी भरलं, कसं भरलं, तर तो नुसता आभाळाकडे बघत राहिला. मला वाटलं, पहिल्यांदा शहर बघतोय.

दुपारी मी ताईनं दिलेला डबा घेऊन लॅबमध्ये गेलो. भाऊजी मोहल्ल्याची बाटली उघडून बसले होते. काचेची नळी तोंडात धरून त्यांनी पाणी ओढलं, भांड्यात सोडलं, त्यात पिवळ्या औषधाचे दोन थेंब टाकले. मग उभ्या नळीतून ते चांदीचं मीठ थेंब थेंब पडू लागलं. पाण्यात मीठ जितकं जास्त तितके थेंब जास्त लागतात, आणि मीठ संपलं की पिवळ्याचं विटकरी होतं. मी मनात म्हटलं, आता ही नळी रिकामी होणार. ती रिकामी झाली नाही हो. थोडे थेंब पडले न पडले तोच भांडं विटकरी.

भाऊजींनी भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भांड्याकडे. भांडं धुऊन त्यांनी परत केलं. परत तेच. मग वरच्या विहिरीची बाटली घेतली. तिनं मात्र चांदी अशी रिचवली की नळी पुन्हा भरावी लागली.

माझं डोकं तिथंच फिरलं. भाऊजींचं नाही फिरलं. ते म्हणाले, “घाई नोको करू. यात असं कायतरी अशीन का जे मले फसवून राह्यलं, हे पैले पाह्यतो.” मग त्यांनी त्या गोड पाण्यात स्वतः तोललेलं, ओळखीचं मीठ घातलं आणि पुन्हा मोजलं. बाजारात तराजूवर विश्वास नसला की आपण खिशातलं आपलं वजन टाकून बघतो, काटा तेवढाच सरकतो का, तसं. काटा तेवढाच सरकला. जेवढं घातलं तेवढंच वाढलं, ना कमी ना जास्त. म्हणजे पद्धत खरी, आकडा खरा. खोटी होती ती बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी.

“बाटल्या बदलल्या,” मी म्हणालो.

“हौ.”

“मंग लिहा ना तसं.”

“लॅब बाटलीतलं पाणी तपासते, फकिरा. थे कोनी भरलं, कुठून भरलं, लॅबले मालूम नाई.”

“पन तुमाले त मालूम हाये. आमच्या घरी येऊन तुमी थ्याच पाण्यानं चूळ भरता. दर दिवाळीले तोंड वाकडं करता.”

“माह्या तोंडाचा दाखला कोन मानन?” भाऊजी म्हणाले. “मी बाटल्या बदलल्या म्हनून लिहिलं, का पटेल दुसऱ्याच घटकेले बोंबलन, जावई सासरवाडीकडून बोलून राह्यला. त्याच्यासाठीच त त्यानं माह्यं नाव घेतलं.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला आणखी राग आला. ते टेबलाशी बसून दाखला लिहू लागले. वर लिहिलं, ‘नमुना जसा आला तसा तपासला.’ खाली आकडे, ज्या बाटलीचे त्या चिठ्ठीसमोर. त्याखाली शिफारस: वरच्या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य, वापर ताबडतोब थांबवावा. मोहल्ल्याच्या विहिरीचे पाणी उत्तम, सर्व गावास पुरवण्यास योग्य. ही शेवटची ओळ लिहिताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं होतं म्हणे. मी कुठून बघणार? मी भरलेला डबा उचलून तणतणत बाहेर पडलो होतो.

घरी जाऊन ताईला सगळं सांगितलं. संध्याकाळी नवऱ्याच्या ताटात तिनं डाळ वाढली, त्यात मीठच नव्हतं. भाऊजींनी मीठ मागितलं तर म्हणाली, “जशी आली तशी खा.” त्यांनी खाल्ली.

मला रडू येत होतं, हे आता सांगायला लाज नाही. आईनं आयुष्यभर त्या रेतीत वाट्या बुडवल्या, आणि तिच्या जावयाच्या सहीनं सरकारला कळणार होतं की तिचं पाणी उत्तम आहे.

पुढच्या आठवड्यात अधिकारी जीप घेऊन चिचटोल्याला गेले. मीही रजा काढून गेलो होतो, निदान आईजवळ उभं राहावं म्हणून. चिंचेखाली सगळं गाव गोळा झालं. साहेबांनी दाखला वाचला. वरच्या विहिरीचं पाणी खराब, म्हणून नवी विहीर वरच्या आळीला मिळणार. पटेलानं डोळे मिटून नमस्कार केला. आमच्याकडच्या माणसांनी माना खाली घातल्या. आई माझ्याकडे बघत होती आणि मी झाडाकडे.

मग साहेबांनी कागद उलटला. “नया कुआँ बरसात के बाद बनेगा. तब तक यह ऊपर वाला कुआँ बंद. पूरा गाँव मोहल्ले के कुएँ से पानी लेगा, जो लेबोरेटरी से पास है.” लगेच लाल रंगाचा डबा आला. वरच्या विहिरीच्या काठावर ही मोठी फुली मारली गेली, रहाटाचा दोर सोडून घेतला आणि महागू कोतवालाला पहाऱ्यावर बसवलं.

पटेलानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. काय बोलणार? आपल्या विहिरीचं पाणी चांगलं आहे म्हणावं तर नवी विहीर जाते आणि बाटल्यांचं भांडं फुटतं. वाईट आहे म्हणावं तर खाली मोहल्ल्यात जाऊन, ज्यांची सावली चुकवत जन्म काढला त्यांच्या रांगेत घागर लावावी लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती शेवटची ओळ भाऊजींनी का लिहिली होती.

मी आईच्या कानात सांगितलं. तिनं एकदा पटेलाकडे पाहिलं. मग अशी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला.

त्यानंतर मोहल्ल्यातल्या बायकांनी जी मजा केली ती सांगावी तेवढी थोडी. विहिरीचा काठ शेणानं सारवला. घागरी ठेवायला सपाट दगड मांडले. रोज सकाळी आई मोहल्ल्याच्या टोकाला उभी राहून पटेलांच्या बायकोला, गोदाबाईला, हाक मारायची. “गोदाबाई, या नं. लाजता काहून? सरकारनं पास केलेलं पाणी हाये. तुमच्यासाठी पैला नंबर ठेवला.”

वरच्या आळीतून कुणी आलं नाही. पटेलाची बैलगाडी पिंपं लादून बावनथडी नदीवर जाऊ लागली. उन्हाळा तोंडावर, नदीचं पाणी गढूळ, बैल दमलेले, गडी कुरकुरणारे. दारात गोड पाण्यानं भरलेली विहीर आणि घरात चुलीवर नदीचा गाळ. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण ज्यानं केली त्याला चिचटोल्याचा पटेल भेटला नव्हता. गोदाबाईचा आवाज खाली आमच्यापर्यंत यायचा. “कोन सांगतलं होतं तुमाले अक्कल चालवाले?” रोज तोच प्रश्न.

महागू तर पहाऱ्यावर बसून कंटाळला. कटंगीच्या बाजारात मला भेटला तेव्हा मी त्याला भजी खाऊ घातली. दुसऱ्या भज्याला तो फुटला. “चिठ्ठ्या उलट्या बांध म्हनले पटेल. मी बांधल्या. आता थ्याच्या विहिरीवर मीच भुतावानी बसून राह्यलो. मले त प्यालेबी देत नाई.”

शेवटी पटेल स्वतः बालाघाटला आला. मी लॅबमध्येच होतो, कारण भाऊजींशी माझी दिलजमाई झाली होती आणि डबा पुन्हा मीच नेत होतो. पटेलानं आधी भाऊजींची तब्येत विचारली. मग मुलाबाळांची. मग धोतराच्या सोग्याआडून तुपाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

भाऊजींनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि काचेचा चमचा हातात घेतला. “तपासाचं हाये का?”

“नाई नाई, घरचं हाये. खायासाठी.”

“मंग इथं नोका ठेवू. इथं आलेली वस्तू आमी तपासतोच,” भाऊजी म्हणाले. “आनि मंग आकडा सांगतो.”

पटेलानं डबा झटकन मागं घेतला. त्या तुपात काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण डबा मागं घेण्याची घाई मी पाहिली आहे.

“रामटेके बापू,” तो म्हणाला, “थो आकडा जरा बदलून द्या. दोन्ही विहिरी चांगल्या म्हना. झगडा मिटते.”

“आकडा माह्या हातात नाई. नमुना तुमच्या हातात होता.” भाऊजींचा चेहरा दगडासारखा. “नवीन नमुना घ्या. साहेबासमोर, गावासमोर. मी सामान घेऊन येतो. पन भरन थो, जो गावाचा पटेल हाये. आनि नमुना भरनाऱ्यानं पैले एक घोट पियाचा, असा नियम हाये. आमी लॅबमदी तोंडानंच पाणी ओढतो, या फकिराले इचारा.”

असा नियम जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये नाही. भाऊजींनी उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही, हा नियम मात्र त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता माझ्यासमोर जन्माला घातला. मला खोकल्याची उबळ काढून बाहेर जावं लागलं.

ठरल्या दिवशी साहेब आले, भाऊजी एका पेटीत बाटल्या, नळ्या आणि साबणाचं पाणी घेऊन आले. आधी मोहल्ल्याची विहीर. पटेल काठावर आला तसं अख्खं गाव त्याच्यामागे आलं. वरच्या आळीतली काही माणसं मोहल्ल्यात त्या दिवशी पहिल्यांदा शिरली. पटेलानं स्वतः बादली ओढली. बाटली भरायला वाकला तर भाऊजी म्हणाले, “नियम.” साहेबांना वाटलं, खरंच असेल. त्यांनीही मान हलवली.

पटेलानं ओंजळ तोंडाला लावली. थुंकायला तोंड वळवलं, तर ज्या बाजूला वळवलं तिकडे साहेब उभे. गिळलं. तोंड असं झालं की कारल्यानं लाजावं.

“कैसा है?” साहेबांनी विचारलं.

पटेलानं हात धोतराला पुसले. मग खाली बघत म्हणाला, “खारं हाये.”

मग त्यानं वरच्या विहिरीची बाटली भरली. भाऊजींनी सगळ्यांसमोर दोन्हीत साबणाचं पाणी सारखंच घातलं आणि दोन्ही बाटल्या महागूच्या हातात दिल्या. महागूनं खसखसा हलवल्या. वरच्या विहिरीच्या बाटलीत फेस टोपणापर्यंत चढला. आमच्या बाटलीत नुसता दुधट साका. चांदीचं मीठही घालून झालं, विटकरी रंगही सगळ्यांनी पाहिला, पण फेस बघितल्यावर गावाला आणखी काही समजावायची गरज नव्हती. बायका आपसात म्हणत होत्या, हे आमाले विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यांचंही बरोबर होतं, फक्त बायकांना विचारायची कुणाला सवय नव्हती.

साहेबांनी बाटल्या कशा बदलल्या ते विचारलं नाही. पटेलाकडे एकदा बघितलं, तेवढं पुरलं. जीपमधून जुना हुकूम काढला आणि टाइप करणाऱ्याला म्हणाले, “आदेश वही रहेगा. बस कुआँ बदल दो.”

हुकूम वाचला गेला. नवी विहीर मोहल्ल्याला. मोहल्ल्याची जुनी विहीर आजपासून बंद. नवी होईपर्यंत सगळं गाव वरच्या विहिरीवरून पाणी भरेल.

सगळं गाव. महागू रॉकेलचा बोळा घेऊन वरची फुली पुसायला लागला. पटेल काहीतरी पुटपुटला, तसे साहेब म्हणाले, “किसी को एतराज़ हो तो नाम लिखवाए.” पटेलानं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्याच दारात उभी गोदाबाई करवादली, “अवो, दोर बांधा नं लवकर. माही चूल बसून हाये.” झालं. नाव लिहवायला कुणी पुढं आलं नाही.

आमच्या बायका घागरी घेऊन निघाल्या आणि मोहल्ल्याच्या टोकाशी येऊन थांबल्या. सगळ्यात पुढे आई. रोज इथंच उभी राहून ती गोदाबाईला हाका मारत होती, आणि आज तिचा पाय त्या रेषेपलीकडे पडेना. मी म्हटलं, “चाल ना, माय.” ती म्हणाली, “हौ, चालतो नं,” आणि हलली नाही. हसण्याचे इतके दिवस गेले आणि खरी भीती अजून तिथंच, तिच्या पायात बसलेली होती.

भाऊजी पेटी बांधत होते. त्यांनी बघितलं. ते आले, शेजारच्या बाईच्या डोक्यावरची घागर उतरवली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि वरच्या विहिरीकडे चालू लागले.

आता आमच्याकडे जावयानं सासरवाडीत उंबऱ्यावरचा तांब्यासुद्धा उचलायचा नसतो. आणि हा जावई, बी.एस्सी. झालेला, बोटाला चांदी लागलेला, भर गावात बायकांसारखी घागर घेऊन निघालेला. आई ओरडली, “जावईबापू! ठेवा थो घडा! लोकं काय म्हनतीन? अंजनाच्या मायनं जावयाले पाणी भराले लावलं म्हनतीन!” भाऊजी थांबले नाहीत. उलट पाय उचलले. आई, गुडघे गेलेली माझी आई, त्यांच्यामागे धावली, पदर सावरत, घागर कमरेवर आदळत, जावयाला सुनावत, आणि तिच्यामागे मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका.

तिनं त्यांना गाठलं तेव्हा ते विहिरीच्या काठावर होते. तिनं त्यांच्या खांद्यावरची घागर हिसकून घेतली आणि खाली ठेवली. मग तिला कळलं की ती कुठे उभी आहे. एकदा तिनं पटेलाच्या दाराकडे पाहिलं. एकदा जावयाकडे. भाऊजी आपली बोटं बघत उभे होते.

आईनं दोर धरला. बादली वर आली. ती ओणवी झाली, ओंजळ भरली आणि एक घोट घेतला. तोंडात घोळवला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

“याले त चवच नाई रे,” ती म्हणाली, आणि बादली घागरीत उपडी केली.